पाचवा भाग पाहून होईपर्यंत

आत्या, त्या सिनेमाच्या दुसऱ्या भागाबद्दल तुझं चुकत होतं, असं मी आजही म्हणेन. तू नाहीस म्हणून मी माघार घेणार नाही. समोरचा उठून गेला म्हणजे आपण वाद जिंकलो असं होत नाही, हे तूच शिकवलंस. पण उठून गेलेल्याचंच बरोबर होतं, असंही नसतं ना.

घरात दहा दिवसांपासून माणसं आहेत. मनीषनगरच्या आपल्या फ्लॅटमध्ये हॉलभर सतरंजी घातली आहे. सोफा बाल्कनीत उभा करून ठेवलाय, त्यामुळे बाल्कनीतही जाता येत नाही. गावाहून, कुहीहून आलेले, तुझ्या ऑफिसातले, बाबांच्या समितीतले, सगळे बसतात, चहा घेतात आणि उठताना तेच वाक्य म्हणतात, "लढल्या बाई शेवटपर्यंत." बाबा मान हलवतात. मीही हलवते. दर वेळी ते वाक्य आणखी थोडं खरं होतं आणि मी आणखी थोडी आत कोंडली जाते. कारण तुला लढायचं नव्हतं, आत्या. तुला थांबायचं होतं. तू मला ते स्वच्छ शब्दांत सांगितलं होतंस आणि बाबांच्या कानावर घालायचं काम माझ्याकडे दिलं होतंस. मी ते केलं नाही.

त्यावर येते. आधी सिनेमाचं बोलू दे, कारण आपण बोललो ते सगळं सिनेमाबद्दलच बोललो.

मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी एक ते पाच. धंतोलीतल्या त्या दवाखान्याचा दुसरा मजला, डायलिसिसचे सहा पलंग, न उघडणाऱ्या काचेच्या खिडक्या. तुझ्या डाव्या हातात दोन सुया. एकीतून रक्त मशीनकडे जायचं, दुसरीतून परत यायचं, आणि तो हात चार तास हलवायचा नाही. पहिल्याच दिवशी तू घड्याळाकडे बघून म्हणालीस, "चार तास म्हणजे एक सिनेमा अन् एक भांडण. लाव."

इअरफोनचं एक टोक तुझ्या कानात, एक माझ्या. फोन तुझ्या पोटावरच्या उशीला टेकवलेला. शेजारच्या पलंगावरचे काका दर वेळी कुरकुरायचे, "अरे, आम्हालेही ऐकू द्या ना बाप्पा, आम्ही काय मेलो का?" तू म्हणायचीस, "मेले नाही म्हणूनच सांगते, हा भाग नका पाहू."

आपण बलदेवचे सिनेमे लावले, कारण पहिला भाग तूच मला दाखवला होतास. मी सहावीत होते. ट्रक चालवणारा बलदेव आणि शेजारी बसणारा त्याचा धाकटा भाऊ हरी. अर्ध्या वाटेत अपघातात हरी जातो. बलदेव त्याची पत्र्याची पेटी घेऊन गावाकडे निघतो आणि वाटेत आईचा फोन आला की हरीच्या आवाजात बोलतो, "हो माँ, येतोच आहे." दोन तास एवढंच. शेवटी तो दारात उभा राहतो. आई त्याच्याकडे बघत नाही, ट्रकमधल्या रिकाम्या जागेकडे बघते. मग आत जाते आणि वाढून ठेवलेल्या दोन ताटांपैकी एक उचलते. संपलं. मी थिएटरमध्ये एवढी रडले की तू मला बाहेर आणून उसाचा रस पाजला होतास आणि विचारलं होतंस, "त्यानं आईले सांगितलं का तोंडानं?" मी म्हणाले, नाही. "मंग तिले कसं समजलं?" मी ग्लासातला रस पीत राहिले.

दवाखान्यात आपण तो पुन्हा पाहिला आणि तसाच लागला. मग दुसरा लावला. दुसऱ्यात बलदेव त्या अपघातामागच्या माणसांना शोधत फिरतो. तिसऱ्यात ट्रकला बंदुका लागतात. चौथ्यात तो परदेशात जातो, कशासाठी ते आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. आई दुसऱ्या भागात खांबाला बांधलेली, तिसऱ्यात व्हिडिओ कॉलवर, चौथ्यात हार घातलेल्या फोटोत. "पहा," तू म्हणालीस, "पहिल्यात ह्या बाईनं एक ताट उचललं तर आख्खं थिएटर रडलं. आता तिले खांबाले बांधलं तरी कोणाले काही नाही."

मी म्हणाले की हा भांडवलाचा गुण आहे. पहिल्यात कोणीतरी जीव लावला, तो चालला, मग पैसेवाल्यांनी तो ताब्यात घेतला. जे विकलं गेलं तेच पुन्हा विकायचं, तर त्यातला जीव आधी काढूनच घ्यावा लागतो. मी हे बरंच मोठ्या आवाजात म्हणाले असणार, कारण सिस्टरने पडद्याआडून डोकावून पाहिलं.

"अन् पहिला भाग फुकटात दाखवला होता का तुले?" तू विचारलंस. "मी तिकीट काढलं होतं वं. बाल्कनीचं."

तू तुझं म्हणणं पत्रकांवरून सांगितलंस. बाकी कुणी तसं सांगितलं नसतं. मी ज्या पत्रकांवर वाढले, ज्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली, ज्यांतली वाक्यं मी शाळेच्या निबंधात घालून मार खाल्ला, ती सगळी तू लिहायचीस. सरकारी नोकरीत असल्यामुळे तुझं नाव कुठे टाकता येत नव्हतं, म्हणून खाली बाबांचं नाव जायचं. तुझा नियम होता: एका पत्रकात एकच मागणी. आणि ती मान्य झाली, की त्याच संध्याकाळी समिती बरखास्त. चहा, चिवडा, आणि घरी जा. बाबांनी एकदाच तो नियम मोडला. पाण्याच्या टाकीची मागणी मान्य झाल्यावर समिती ठेवली, लेटरहेड छापलं, पदाधिकारी नेमले आणि मग त्या पदाधिकाऱ्यांना करायला काम हवं म्हणून मागण्या शोधल्या. पुढच्या पत्रकात अकरा मागण्या होत्या. बसस्टँडवर लोकांनी ती पत्रकं घेऊन त्यांवर भजी खाल्ली.

"पहिल्या सिनेमाची मागणी एकच होती," तू म्हणालीस. "आईले सांग. बस. हा तोंड उघडते का नाही, एवढाच धाक होता मनात. आईले समजलं का, समिती बरखास्त. पुढं सारे मागण्या शोधून राहिले. ट्रक उडन का, बॉम्ब फुटन का. उडनच ना! हीरो आहे तो. तिथं भ्या कायचं?"

हे मला पटलं होतं. पण मी कबूल केलं नाही, कारण माझ्याकडे दुसऱ्या भागातलं ते एक मिनिट होतं. बलदेव ट्रक वळवताना सवयीने डावीकडे बघून विचारतो, "साफ है?" आणि डावीकडे कोणी नसतं. मग तो स्वतः खाली उतरतो, मागे जाऊन पाहतो, पुन्हा चढतो आणि ट्रक वळवतो. तेवढंच. मी म्हणाले, आत्या, हे खरं आहे. आईला कळल्यावर दुःख संपत नाही, उलट तिथून ते सुरू होतं. तर मग दुसरा भाग काढणं चूक कसं? चूक ही आहे की त्यांनी सिनेमा त्या एका मिनिटापासून दूर पळवला.

तू मशीनकडे मान वळवलीस. मशीनचा गोल चाक फिरल्यासारखा आवाज येत होता. मग म्हणालीस, "पळवला कोणी?"

"निर्मात्यांनी."

"तू कोणासाठी गेली होती दुसरा पाहाले?"

"बलदेवसाठी."

"हां. तुले बलदेव पाहिजे, अन् त्याचं ते रडणं नको. मंग त्यायनं दिला तुले तसा."

मी रागावले. त्या रागातच मी लेख लिहिला. आपल्या चळवळीच्या मासिकात तो यायचा होता. त्यात मी सगळ्यांना धरलं: निर्माते, वितरक, जाहिरातवाले, टीव्हीवर हक्क विकणारे. प्रत खास तुला वाचायला आणली. तू उजव्या हाताने लाल पेन धरलंस आणि अख्ख्या लेखावर एकच शब्द लिहिलास: "आपण?" तो वाद तिथेच राहिला. मला त्या शब्दावर भांडायचं होतं, अजून आहे. प्रेक्षकाला काय दोष देतेस? तो दिवसभर राबून आलेला असतो, त्याला ओळखीचा चेहरा पुन्हा भेटावा असं वाटलं तर तो गुन्हा आहे का? तू म्हणाली असतीस, गुन्हा म्हटलंय का मी? मग आपण आणखी एक तास घालवला असता.

पण तो लेख मी छापायला दिला नाही, कारण पुढच्याच मंगळवारी तू दुसरंच बोललीस.

चौथा भाग अर्ध्यावर होता. तुझा बीपी खाली गेला होता, दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते, सिस्टर आणि मी मिळून पाय दाबत होतो. त्या महिन्यात हे प्रत्येक वेळी होत होतं. सिस्टर गेल्यावर तू कानातलं काढलंस आणि म्हणालीस, "क्रांती, ऐक. मले मशीन बंद करायची आहे. मागच्या शुक्रवारी तू चहा प्याले गेली तेव्हा डॉक्टरले विचारलं मी. ते म्हणे, निर्णय तुमचा आहे, पण घरी बोलून घ्या. आठ-दहा दिवस जातीन, त्रास होऊ नये म्हणून औषध देतो म्हणे. मले कुहीले जायचं आहे. अंगणात बसून पोटभर पाणी प्यायचं आहे. एक पुरा तांब्या. हे मोजून मोजून घोट नाही. विनूले, तुझ्या बाबाले, तू सांग. मी सांगितलं तर तो रडन, अन् मंग मलेच त्याले समजवावं लागन."

तू मला क्रांती म्हणालीस. एरवी म्हणायचीस "क्रांतीबाई", "मोर्चेवाली", "आमच्या घरचा लाऊडस्पीकर". त्यावरूनच मला कळायला हवं होतं. खरं तर कळलंच होतं.

आणि मी काय म्हणाले? मी, जी कलेक्टर ऑफिसच्या गेटवर उभी राहून घोषणा देते, जिने महाविद्यालयात प्राचार्यांना "तुमच्या तोंडावर सांगते" असं म्हटलं होतं? मी म्हणाले, "अवं, पण दिवाळीत पाचवा भाग येऊन राहिला. तेवढा तर पाहू."

तू माझ्याकडे पाहिलंस. नंतर हसलीस. म्हणालीस, "बरं."

आत्या, पुढचे भाग कसे निघतात हे मला त्या दिवशी कळलं. त्याला कारखाना लागत नाही. एक माणूस थांबतो म्हणतो आणि दुसऱ्या माणसाला ते सोसत नाही, एवढं पुरतं. मी तुला आणखी तीन महिने दिले असं कोणी म्हणेल. मी ते तुझ्याकडून घेतले. त्या तीन महिन्यांत तू दर मंगळवारी, दर शुक्रवारी ऑटोत चढलीस, वजनकाट्यावर उभी राहिलीस, हात पुढे केलास. सगळं तेच होतं, तोच पलंग, तीच खिडकी. फक्त तू त्यात कमी कमी होत गेलीस. भांडणं बंद झाली. मी काहीतरी मुद्दाम चुकीचं बोलायची, तू "असन" म्हणायचीस. बर्फाचा खडा तोंडात धरून छताकडे बघत राहायचीस. बाजारात संत्री आली होती, ती तुला वर्ज्य. मी बॅगेत लपवून एक आणलं तर तू नुसता वास घेतलास आणि परत दिलंस. सातवीत मी पहिलं भाषण पाठ केलं तेव्हा प्रत्येक वाक्यावर टोकणारी आत्या आता मला कशातच टोकत नव्हती. आणि मी स्वतःला सांगत होते, छान चाललंय, पुढच्या आठवड्यात बोलू बाबांशी.

पाचवा भाग मोबाईलवर आला त्या शुक्रवारी आपण तो पाहिला. दीड तासाच्या आसपास एका गुहेतून हरी बाहेर येतो. मेलाच नव्हता म्हणे. बलदेव त्याला मिठी मारतो, ढोल वाजतात. मला वाटलं तू चिडशील. मला वाटत होतं तू चिडावंस. पेटीचं काय, त्या उचललेल्या ताटाचं काय, असं ओरडावंस. तू इअरफोन काढून माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "झाला पाहून. आता सांगशील?"

मी म्हणाले, "सांगते."

शनिवारी बाबा सभेला होते. रविवारी पाहुणे होते. सोमवारी बाबा घरीच होते, पेपर वाचत होते, मी त्यांच्यासमोर दोनदा जाऊन बसले. त्यांनी विचारलं, "काय वं, काही पाहिजे का?" मी म्हणाले, "नाही, बसली अशीच."

मंगळवारी तिसऱ्या तासाला तू गेलीस. आपण काही पाहत नव्हतो. सिस्टरने पडदा ओढला, मला बाहेर जायला सांगितलं. मी काचेतून पाहत होते. सगळे तुझ्या छातीशी होते आणि तुझा डावा हात बाजूला, जसा ठेवायला सांगितला होता तसाच, सुयांसकट सरळ ठेवलेला होता.

तुला हे सगळं माहीत आहे, तरी सांगतेय. यात तुला माहीत नाही ते फक्त आज दुपारचं.

परवा तुझी तेरवी. बाबांनी शोकसभेचं पत्रक लिहिलं, पहिल्यांदाच स्वतः. प्रेसवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला होता. मजकूर माझ्याकडे तपासायला दिला. वर तुझं पूर्ण नाव, मोठ्या अक्षरात. खाली पहिलंच वाक्य: "अखेरच्या श्वासापर्यंत आजाराशी झुंज देणाऱ्या." मी पेन घेऊन बसले. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी ते वाक्य पाच वेळा वाचलं आणि कागद घेऊन उठले. हॉलमध्ये माणसं होती, बाल्कनीत सोफा होता, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. बाबा तिथे एकटे चहाचे कप विसळत होते.

मी म्हणाले, "बाबा, हे वाक्य खोटं आहे."

ते वळले नाहीत. नळ चालू होता.

मी सगळं सांगितलं. मशीनचं, कुहीचं, तांब्याचं, पाचव्या भागाचं. तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले, "तो रडन" हेसुद्धा. मला वाटलं होतं ते ओरडतील. मला ते हवंही होतं.

त्यांनी नळ बंद केला. हात टॉवेलला पुसले, एकेक बोट. म्हणाले, "मलेही म्हणाली होती ताई."

"कधी?"

"महिना झाला असन. तू लेक्चरले गेली होती. म्हणे, क्रांतीले सांगितलं, तिच्यानं होत नाही. आता तूच ऐक." त्यांनी टॉवेल खुंटीला लावला. "रडलो नाही मी. हसलो. म्हटलं, ताई, क्रांतीचं पुस्तक छापून येऊन राहिलं फेब्रुवारीत. पोरीचं पहिलं पुस्तक. तेवढा कार्यक्रम तर पाहा."

"मग?"

"मंग काय. बरं म्हणाली."

आम्ही दोघं ओट्याला टेकून उभे होतो. बाहेरून कोणीतरी विचारलं, "विनायकराव, निघतो मग." बाबांनी आतूनच "हो, हो, या" म्हटलं.

"मले का नाही सांगितलं तुम्ही?" मी विचारलं.

"वाटलं तू विसरली असशील," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही. तुले आठवत असन, याचंच भ्या होतं."

प्रेसवाल्याचा पुन्हा फोन आला. बाबांनी माझ्या हातातून कागद घेतला, ओट्यावरच ठेवला, खालचं पाणी कागदाला लागलं. त्यांनी ते वाक्य खोडलं आणि त्याच्यावर लिहिलं, "तिला थांबायचं होतं." पेन तसंच धरून उभे राहिले. पुढे त्यांच्याने लिहवेना. मग पेन माझ्याकडे केलं.

मी खाली लिहिलं, "आम्ही दोघांनी ते ऐकलं होतं."

बाबांनी वाचलं. चष्मा वर केला, पुन्हा वाचलं. मग त्यांनी तिथेच, कपांच्या शेजारी, प्रेसवाल्याला फोन लावला आणि दोन्ही वाक्यं सावकाश, शब्द तोडून, त्याला लिहून घ्यायला सांगितली. तो पलीकडून म्हणाला असावा, असं कोणी छापतं का. बाबा म्हणाले, "छापा. खाली नाव टाका दोघांचं."